हळदीची झिंग

मी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातलेला नाही. तरीही फाल्गुनातल्या एका सकाळी, सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या माझ्याच परमिट रूममध्ये, माझ्याच काउंटरवरच्या सरकारमान्य यंत्रानं मला तर्र ठरवलं. तांबडा दिवा लागला आणि यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया आता थांबा. पाणी प्या." आमचा आचारी भीमाण्णा स्वयंपाकघरातनं डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिला. हॉटेल उघडलं तेव्हापासूनचा माझा माणूस, पण त्याच्याही डोळ्यांत शंका आली. यंत्राच्या बोलण्यापेक्षा मला तीच जास्त लागली.

हे यंत्र काय होतं आणि ते माझ्या उरावर का बसलं होतं, ते आधी सांगतो. म्हणजे माझा संताप नीट कळेल.

मी रावसाहेब खाडे. 'हॉटेल समाधान, परमिट रूम व बिअर बार' ही माझी मिळकत. ह्याच मिळकतीवर माझी एकुलती एक लेक अस्मिता शिकली, डॉक्टर झाली, आणि लिव्हरची डॉक्टर होऊन मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात लागली. बाप भरतो आणि लेक उपसते, असं लोक माझ्या तोंडावर म्हणायचे. मी हसायचो. दुसरं करणार काय? माझ्या टेबलावरची माणसं काही वर्षांनी तिच्या खाटेवर जायची, हे मलाही दिसत होतं आणि तिलाही. जेवायला बसल्यावर धंद्याचं बोलायचं नाही, असा दंडक माझ्या बायकोनं, शालननं, घालून दिला होता.

तो दंडक मोडला चढत्या करानं.

आधी दारूवरचा कर बाटलीवर असायचा. बाटली महाग तर कर जास्त, स्वस्त तर कमी. सरकारनं कर वाढवला की गरीब माणूस हातभट्टीकडे वळायचा, कमी केला की अस्मिताच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या पडायच्या. वर्षानुवर्षं हाच झोपाळा चालला होता. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. केतकी लिमये यांनी वेगळाच विचार मांडला. त्यांचं म्हणणं असं, की माणूस किती पितो ह्याइतकंच तो किती भरभर पितो हे महत्त्वाचं. आपलं यकृत एका तासात साधारण एका लहान पेगएवढी दारू मोडतं. आधी तिचं एक जहाल रसायन होतं, मग त्या रसायनाचं व्हिनेगरसारखं निरुपद्रवी द्रव्य. आमच्या भीमाण्णाचंच घ्या. एका वेळी एक ऑर्डर द्या, तो व्यवस्थित उरकतो. पाच ऑर्डरी एकदम टाकल्या की सगळंच अर्धकच्चं राहतं आणि ताटं अंगावर येतात. यकृताचंही तेच होतं. अर्धवट मोडलेलं ते जहाल रसायन साचतं आणि यकृताला आतून पोखरतं.

बाईंनी एक पातळ पट्टी बनवली. तिच्यात किण्वापासून, म्हणजे यीस्टपासून, काढलेलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, होतं. माणसानं तिच्यावर बोट टेकलं, की घामातल्या दारूच्या अंशाशी त्या विकराची क्रिया व्हायची आणि एक असा रेणू तयार व्हायचा, जो अतिनील प्रकाशात चमकतो. जितकी चमक जास्त, तितकी रक्तात दारू जास्त. यंत्र ती चमक मोजायचं आणि पुढच्या पेगवरचा कर ठरवायचं. पहिल्या पेगला कर जवळजवळ नाहीच. तासाभरानं दुसरा घेतला, तरी नाहीच. पण घाई केली की कर चढत जायचा, आणि घाईघाईचा चौथा पेग एका घराच्या जेवणाइतका महाग व्हायचा. नाव नाही, गाव नाही, कुठं नोंद नाही. बोट टेकायचं, तेवढ्यापुरता दर ठरायचा. बाटली घरी न्यायची तर मात्र सगळा कर आधीच भरायचा.

सरकारी नाव होतं 'अंगुली मद्यमापक'. सांगलीत त्याचं नाव पडलं चुगलखोर.

चार जिल्ह्यांत मार्चअखेरपर्यंत प्रयोग करायचं ठरलं आणि पावसाळा सरता सरता यंत्रं बसली. शेवटी एक समिती येणार, लिव्हरचे रोगी कमी झाले का आणि हातभट्टी वाढली का, एवढंच बघणार. हातभट्टी वाढली असली, तर चढता कर रद्द आणि जुना बाटलीवरचा कर परत. जिल्ह्याच्या परमिट रूम संघटनेचा अध्यक्ष मी, त्यामुळे ह्या कराविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं ओरडलो तो मीच. आणि अस्मितानं त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात कराच्या बाजूनं लेख लिहिला. खाली फोटोसकट.

"तुला बापाचं हॉटेल बंद पाडायचंय काय?" मी जेवताना विचारलं.

"नाही अण्णा," ती भाकरी मोडत म्हणाली. "तुमचा धंदा बंद पडावा असं मला कधीच वाटलं नाही. माझा पडावा असं वाटतं."

शालननं आमटीचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं आणि विषय संपला.

पहिला महिना वाईटच गेला. लोक चिडले, यंत्राला शिव्या घालून घरी गेले. मग आमच्या लोकांनी युक्ती काढली. टेबलावर एक माळकरी काका बसवायचा, प्रत्येक पेगला त्याचं कोरडं बोट टेकवायचं. यार्डापुढच्या चौकात बोट भाड्यानं देणारे म्हातारे संध्याकाळी ओळीनं बसायला लागले. एका काकांना तर मी स्वतः चकणा नेऊन दिला, एवढे ते माझ्याकडे येत होते. उत्पादन शुल्क खात्यानं ते बंद केलं. पिणाऱ्याचंच बोट घ्यायचं, नाहीतर परवाना मालकाचा जाणार, असा नियम आला. काका घरी गेले.

आणि मग एक गोष्ट झाली, जी मी संघटनेत कोणाला सांगितली नाही. माणसं सावकाश प्यायला लागली. पेग झाला की पुढच्या स्वस्त पेगसाठी तासभर थांबायचं. नुसतं बसून तासभर करणार काय? खाणार. पूर्वी चकणा फुकट असायचा, शेंगदाणे आणि काकडी, आणि ते टाकूनही दिलं तरी कोणी विचारत नव्हतं. आता लोक भीमाण्णाचा खर्डा मागायला लागले, मटण मागायला लागले, भाकरी गरम नसली तर परत पाठवायला लागले. पुढच्या दालनात माणसं बायकापोरांना घेऊन नुसती जेवायला येऊ लागली. भीमाण्णानं हाताखाली दोन बायका घेतल्या आणि माझ्याशी मालकासारखा बोलायला लागला. दिवाळीपर्यंत माझं हॉटेल पूर्वीपेक्षा बरं चाललं होतं. पण मी अध्यक्ष. सभेत उठून "आपण सगळे बुडालो" असं भाषण करायचो आणि घरी येऊन नवीन तवा कुठला घ्यावा ह्याचा विचार करायचो.

संघटनेतले सगळेच काही असे तरले नाहीत, हेही खरं. ज्यांच्याकडे स्वयंपाकघर नव्हतं, नुसतं उभ्या उभ्या घोट मारून जायची सोय होती, ते कोलमडले. त्यातला सगळ्यात मोठा जयसिंग मोहिते. त्याची देशी दारूची दुकानं होती आणि तो संघटनेचा सचिव होता. माणूस करारी. नमस्कारसुद्धा हुकूम सोडल्यासारखा करायचा.

मग हळदीचा हंगाम सुरू झाला, आणि मोहितेला हवं तेच घडलं.

हंगामात आमच्या यार्डात हळदीचे सौदे लागतात. पोत्यांच्या थप्प्या, सौद्याचा आरडाओरडा, आणि हवेत पिवळी धूळ. रस्ते पिवळे, झाडं पिवळी, हमालांचे हातपाय, पापण्यासुद्धा पिवळ्या. दिवसभर पोती वाहून हमाल संध्याकाळी माझ्याकडे यायचे. त्या वर्षी त्यांनी बोट टेकलं, की पहिल्याच पेगला तांबडा दिवा लागायचा. पहिल्याच पेगला चौथ्याचा दर.

"आमालाच का रं?" हमालांचा मुकादम मारुती ऐवळे काउंटरवर हात आपटत म्हणाला. तो माझा शाळेतला मित्र. "साहेब लोक तासतासभर पित्यात, त्यास्नी हिरवा दिवा. आन आमी अजून ग्लासबी बघितला न्हाई, तर तांबडा?"

"घेऊन आला असशील कुठनंतरी," मी म्हणालो.

"आईशप्पथ न्हाई, मर्दा!"

माझा विश्वास बसला नाही. कोणाचाच बसला नाही. हमाल आधीच टाकून येतात, असं सगळ्या सांगलीनं ठरवून टाकलं. वर्तमानपत्रांत छापून आलं, अस्मितानंही ते खरं मानलं. हमाल चिडले आणि नदीकडच्या शिवारातल्या हातभट्टीवर जायला लागले. जिल्ह्याचे हातभट्टीचे आकडे टणाटण वर गेले. मोहिते पेढे घेऊन आला. "अध्यक्ष, कर गेला समजा," म्हणाला. मी पेढा खाल्ला.

दहाएक दिवसांनी मारुतीसह यार्डातले पाच हमाल अस्मिताच्या वॉर्डात भरती झाले. हातभट्टीत मिथेनॉल होतं. तेही अंगात मोडत जातं, पण त्याचं जे होतं ते डोळ्यांच्या नसा जाळतं. दोघांची नजर गेली ती गेलीच. मारुती वेळेवर पोचला म्हणून वाचला, पण त्याला सगळं धुक्यातनं दिसावं तसं दिसत होतं.

मी भेटायला गेलो. वॉर्डात पाऊल टाकलं आणि थबकलो. मारुती आणि त्याचे सोबती एका कोपऱ्यात होते, बाकीच्या बऱ्याच खाटा रिकाम्या होत्या. गादीवर चादर ताणलेली, उशी व्यवस्थित. पूर्वी इथं दोन खाटांच्या मधून चालताना अंग चोरावं लागायचं.

"बाकीचे कुठं हलवले?" मी अस्मिताला विचारलं.

"हलवले नाहीत. आलेच नाहीत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "दिवाळीपासून येणं कमी झालंय. आता हे हमाल सोडले तर वॉर्ड रिकामा व्हायला लागलाय, अण्णा. आणि ह्या हमालांमुळेच कर रद्द होणार आहे."

मारुतीनं आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं. "रावसाब, तू हायस न्हवं? मी त्या दिवशी पिऊन आलो न्हवतो गा. तेवढं तरी खरं मान." मी त्याचा हात धरला.

त्याच आठवड्यात शालनच्या भाच्याचं लग्न निघालं. आदल्या संध्याकाळी हळद. आमच्याकडे नवरदेवाला लावून उरलेली हळद पाहुण्यांना फासायची चाल आहे, आणि मेव्हण्या एकत्र आल्या की पाहुण्यांत मी पहिला. कोपरापर्यंत पिवळा करून सोडला मला. साबणानं धुतलं, तरी रंग काही गेला नाही. दुसऱ्या दिवशी लग्न संध्याकाळचं होतं, म्हणून सकाळी मी हॉटेल उघडलं. यंत्र दिवसभरासाठी चालू करायला मालकानं आधी स्वतःचं बोट टेकायचं असतं, मालक शुद्धीत आहे की नाही ते बघायला. मी टेकलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

भीमाण्णानं शालनला फोन केला. शालन रिक्षानं आली, आणि आल्या आल्या माझ्या तोंडाला नाक लावून वास घेतला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायकोनं! "वास तर येत नाही," ती भीमाण्णाला म्हणाली, माझ्याशी नाही. मग तिनं अस्मिताला बोलावलं. अस्मिता ड्यूटी संपवून तशीच आली. तिनं माझं बोट बघितलं, पुसून परत टेकवलं. तांबडा दिवा. तिनं स्वतःचं बोट टेकवलं. हिरवा. भीमाण्णाचं टेकवलं. तोही हिरवा, तरी त्याचे डोळे रात्रीच्या जागरणानं लाल होते.

अस्मिता काही वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं मला काउंटरमागे ओढलं. नोटा खोट्या की खऱ्या ते बघायचा जांभळा दिवा आमच्या गल्ल्याजवळ असतो. तिनं तो लावला आणि माझा हात त्याच्याखाली धरला. माझा पंजा पिवळट हिरवा होऊन लखलखायला लागला. प्रत्येक रेघ, प्रत्येक नखाची कड उजळली. माझा हात माझा वाटेना.

"हळद अतिनील प्रकाशात चमकते," ती हळू आवाजात म्हणाली. "पट्टीतला रेणू निळा चमकतो, हळद हिरवट. यंत्र रंग बघतच नाही, नुसती चमक मोजतं." मग ती एकदम खुर्चीत बसली. "अण्णा, ते पिऊन आले नव्हते. एकही जण पिऊन आला नव्हता."

हळद आमच्या डोळ्यांसमोर होती, आमच्या केसांत होती, आमच्या चहात पडत होती. बाहेरगावच्या माणसानं पहिल्या दिवशी विचारलं असतं, की ह्या लोकांचे हात पिवळे का. सांगलीत हळद कोणाला दिसतच नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेला दोष द्यावा, तर तिथं हळद नव्हतीच. आम्ही मात्र त्या पिवळ्या धुळीत उभे राहून मारुतीला खोटारडा म्हणत होतो. मला माझी लाज वाटली, आणि हे मी कोणाजवळही म्हणायला तयार आहे.

अस्मितानं तिथनंच डॉ. लिमयेंना फोन लावला. बाई म्हणाल्या की हे चटकन दुरुस्त होईल, निळ्या चमकेपुरती गाळणी बसवायची, काचेचा एक तुकडा. पण समितीची सुनावणी येत्या बुधवारी होती. सुनावणीत सील तोडून यंत्र दाखवायचा अधिकार फक्त परवानाधारकाला होता. बाकी कोणी बोललं, तर ते नुसतं बोलणंच राहणार.

"मी बोलले तर लोक म्हणतील, हिला हेच हवं होतं," अस्मिता म्हणाली. "तुम्ही कराविरुद्धच्या संघटनेचे अध्यक्ष आहात. तुम्ही यंत्र घेऊन उभे राहिलात तर ऐकतील. पण मी तुम्हाला सांगणार नाही, अण्णा. ते हॉटेल तुमचं आहे." आणि ती झोपायलासुद्धा न जाता परत वॉर्डात गेली.

मी भोळसटासारखा मोहितेला फोन केला. संघटनेला आधी सांगावं, असं मला वाटलं. तो अर्ध्या तासात हजर झाला.

"कुणाला बोललायस?" त्यानं दार लोटून घेत विचारलं.

"घरातल्यांना."

"मग घरातच ठेव. बुधवारपर्यंत. हातभट्टी वाढलीया, कर रद्द हुतोय, आपण सुटतोय. पुढं त्यांचं ते बघत्यात की."

"जयसिंगराव, माणसांचे डोळे गेलेत."

"डोळं भट्टीवाल्यानं घालवलं, मी न्हाई. माझ्या दुकानातली माणसं घरी बसलीत, त्यांचं काय?" त्याचा आवाज चढला, पण त्यात थोडं रडूही होतं, आणि मला त्याची कणव आली. मग तो सावरला. "बोललास तर अध्यक्षपद गेलं, येवढं लक्षात ठेव. आन जिल्ह्यात तुला माल कोण देतंय ते मी बघतो. सगळे वितरक आपल्या ऐकण्यातले हाईत."

हे खरं होतं. माल बंद म्हणजे परमिट रूम बंद. भीमाण्णा, त्याच्या हाताखालच्या बायका, वेटर, सगळ्यांची चूल माझ्या एका वाक्यावर आली होती. आणि कर राहिला नाही, तर अस्मिताच्या त्या ताणलेल्या चादरी पुन्हा चुरगळणार होत्या. मंगळवारी भीमाण्णाच्या मदतनीस बाईनं, हौसाबाईनं, मला चहा देताना सहज सांगितलं, की तिचा नवरा आजकाल संध्याकाळी घरी येऊन जेवतो. दोनच घेतो, सावकाश, आणि येताना तिच्यासाठी भजी आणतो. "पयल्यांदा आणली तवा मला वाटलं काय चोरलं का काय ह्यानं," असं म्हणून ती खळखळून हसली. मी तो चहा पुरता प्यायलो नाही. सरळ यंत्राच्या तारा सोडवायला बसलो.

सुनावणी यार्डातल्या सौद्याच्या शेडमध्येच ठेवली होती. मधोमध समितीचं टेबल, भोवती व्यापारी, हमाल, परमिट रूमवाले, आणि मागं हळदीचे ढीग. समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश नलिनी सरदेशमुख. बारीक बाई, पण नजर अशी, की खोकला आला तरी माणूस परवानगी मागेल. मोहितेनं हातभट्टीचे आकडे वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं.

मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर सील तोडलं.

"बाई, हे आकडे खरे आहेत," मी म्हणालो. "हमाल हातभट्टीवर गेले, हेही खरं. पण ते करामुळे गेले नाहीत. तुमचा हात जरा त्या ढिगात घाला."

"अध्यक्ष, खाली बसा!" मोहिते माझ्यावर ओरडला.

न्यायाधीशबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. तो बसला. बाई उठल्या, ढिगाजवळ गेल्या, बोटं हळदीत बुडवली, झटकली, आणि यंत्रावर टेकवली. तांबडा दिवा लागला. गोड आवाज शेडभर घुमला. "कृपया आता थांबा. पाणी प्या."

क्षणभर कोणाला हसावं की नाही ते कळेना.

"आज माझा उपास आहे," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, आणि शेड हशानं दणाणलं. हमाल पोत्यांवर चढून शिट्ट्या मारायला लागले. समितीतल्या प्रत्येकानं हळदीत हात घातला आणि यंत्रानं एकजात सगळ्यांना झिंगलेले ठरवलं, आरोग्य खात्याच्या साहेबांना तर सगळ्यात जास्त. मग अस्मितानं हमालांना पुढं बोलावलं. तिनं तेलाची बाटली आणली होती. हळद तेलात सुटते, पाण्यात नाही; म्हणून तर तेलकट रस्सा खाऊन हात धुतलेल्यांना तांबडा दिवा लागत नव्हता. एकेकाचा अंगठा तेलानं चोळून, पुसून, साबणानं धुऊन यंत्रावर टेकवला. हिरवा. हिरवा. हिरवा. प्रत्येक दिव्याला आरोळी उठत होती. शेवटी मारुती आला. एका हमालाच्या खांद्यावर हात ठेवून, पण ताठ. त्याचाही दिवा हिरवा लागला.

"आता तरी पटलं का मर्दा?" तो मला म्हणाला. मी त्याला भर शेडात मिठी मारली. दोघंही रडलो. यार्डात त्या दिवशी धुळीचं निमित्त होतंच.

समितीनं प्रयोग रद्द केला नाही. निळी गाळणी बसवून आणखी एक हंगाम चालवायचा, असा निर्णय तिथल्या तिथं झाला. संघटनेनं त्याच संध्याकाळी माझं अध्यक्षपद काढून घेतलं. मोहितेनं शब्द पाळला, काही दिवस माझा माल अडला. तेवढे दिवस 'समाधान'मध्ये नुसतं जेवण मिळालं, आणि यार्डातले सगळे हमाल, व्यापारी, तोलाईदार रोज माझ्याकडे जेवायला आले. रांग रस्त्यापर्यंत गेली. ती बघून वितरकच परत आले, मोहितेला न विचारता.

पुढच्या हंगामाचे आकडे मी तोंडपाठ सांगू शकतो, पण सांगत नाही. एवढंच सांगतो, की नदीकडच्या भट्ट्या गिऱ्हाइकाअभावी विझल्या आणि चारही जिल्ह्यांत लिव्हरचे रोगी झपाट्यानं घटले. दारूवरचा कर सरकारला थोडा कमी मिळाला, पण औषधपाण्यावरचा खर्च त्याहून कितीतरी कमी झाला. उन्हाळ्यात चढता कर साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला. मोहितेनं त्याच्या एका दुकानात खानावळ काढली. जेवण बरं असतं. मीठ जरा जास्त, पण ते मी त्याला सांगितलेलं नाही.

कर लागू झाल्याची बातमी आली त्या दुपारी मी मिरजेला गेलो. बातमी तोंडानं सांगायची होती. वॉर्डाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो. खाटांच्या दोन रांगा, सगळ्या रिकाम्या, खिडक्यांतून ऊन आलेलं, पंखे बंद. शेवटच्या खिडकीपाशी एका खाटेवर कोणीतरी झोपलं होतं. जवळ गेलो तर ती अस्मिता होती. पांढरा कोट अंगावरच, चपला खाली, एक हात गालाखाली. तोंड किंचित उघडं होतं, लहानपणी झोपायची तसं.

मी पंखा लावला आणि शेजारच्या स्टुलावर बसलो. थोड्या वेळानं दारातनं एक सिस्टर डोकावली. तिला खाटेवरचं माणूस दिसलं आणि ती घाईनं आत आली. "पेशंट आलाय का?"

"नाही," मी हळूच म्हणालो. "डॉक्टर आहेत. झोपू द्या."

सिस्टर हसली आणि दार ओढून घेऊन गेली. उन्हं उतरेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो, आणि एवढ्या वेळात माझ्या लेकीला उठवायला कोणीही आलं नाही.